उसना शब्द

अख्ख्या पावाला लाटव्हियात क्लाइप्स म्हणतात, लिथुआनियात क्लिएपस, जर्मन लोक लाइब आणि इंग्रज लोफ. इंग्रजांकडे तर पाव राखणारा तो लॉर्ड आणि पीठ मळणारी ती लेडी होऊन बसली. हा शब्द आपण बाल्टिक लोकांनी जर्मन वंशाकडून उसना घेतला, असं व्हिल्न्यूसच्या गेनोवाइतेचं म्हणणं. तो आपल्याच चुलीवरचा, असं रीगाच्या तेओदोर्सचं. एवढ्यावरून हे दोघं भाषाशास्त्रज्ञ चाळीस वर्षं भर परिषदेत एकमेकांच्या झिंज्या उपटत आणि संध्याकाळी एकाच टेबलावर बियर पीत.

परवा गेनोवाइतेला तेओदोर्सच्या मुलीचा, झाइगाचा फोन आला. "मावशी, बाबांचे फार दिवस उरले नाहीत. त्यांना सांगितलेलं नाही अजून. एकदा 'तुझंच खरं' म्हणून जा ना. सुखानं जातील."

न पटलेल्या गोष्टीला गेनोवाइतेने जन्मात मान डोलावली नव्हती. तिचा नवरा त्यापायीच सोडून गेला, असं लोक म्हणत. पण रीगाच्या बसमध्ये बसल्यापासून ती तेवढं एकच वाक्य घोकत राहिली.

तेओदोर्स खाटेवर पार वाळून गेला होता. तिला बघताच मात्र उशीला टेकून ताठ बसला.

"या, पीठ मळणाऱ्या बाईसाहेब! म्हटलं, घाबरून येत नाही की काय. आता ऐक, नवीन पुरावा काढलाय. आज तुझी खैर नाही."

तो बोलत सुटला. धाप लागली तरी थांबेना, गालांवर रंग चढला. पुरावा तकलादू होता. त्यातली खोट तिला दुसऱ्याच वाक्याला दिसली. दारात झाइगा हात जोडून उभी होती.

"मग? बोल की!"

"बरोबर आहे तुझं," गेनोवाइते म्हणाली. "हरले मी."

तेओदोर्सचा हात हवेतच राहिला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. झाइगाने मान खाली घातली.

"इतकं वाईट आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

गेनोवाइते घाईघाईने पुढे सरसावली. "नाही रे! थांब, चुकतोयस तू. आपल्याकडे 'फ' नव्हताच, म्हणून त्यांच्या 'फ'चा आपण 'प' केला. हा शब्द उसनाच आहे, मूर्खा! भांड ना माझ्याशी!"

"राहू दे," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.