डागी डॉलरचा भाव

तेमिरकुल गेला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातच त्याच्या धाकट्या भावाने, ताश्तानने, बिश्केकच्या बाजारातलं कापडाचं दुकान विकायला काढलं. दुकानात त्याची भागी अर्धी होती, आवाज मात्र पूर्ण.

"हिशोबात तोटा निघाला तर विकायचं. नफा निघाला तर तू चालव," तो पुतणीला, सायकालला, म्हणाला. तोंडात तळलेले बोर्सोक कोंबलेले असल्यामुळे ते जरा मायेचं वाटलं.

सायकालला दुकान हवं होतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. वडिलांच्या खुर्चीतली उशी अजून दबलेलीच होती. ती शेजारच्या स्टुलावर बसून संगणक उघडायची.

हिशोब बघायला वालेन्तिना पाक आली. तिने सॉफ्टवेअरमधली चलनांची यादी उघडली आणि चष्मा पुसला.

"अगं, तुझ्या बापाकडे अमेरिका होत्या तरी किती?"

सॉफ्टवेअर एका चलनाला दिवसाला एकच भाव लावू देतं. तेमिरकुलने मग चलनंच वाढवली होती. 'डॉलर'. 'जुना डॉलर'. 'डागी डॉलर'. 'मेहुण्याचा डॉलर'. शाईचा ठिपका दिसला की चौकातले चलनवाले भाव पाडतात, हे बाजारात शेंबडं पोरही जाणतं. मेहुण्याच्या नोटा कशाने भिजलेल्या असत, ते न विचारलेलं बरं. यादीच्या तळाशी 'सायकालचा डॉलर' होता. रशियात, कझानला कामाला असताना ती पाठवायची त्या पैशांचा. भाव बँकेपेक्षा नेहमी दोन सोम जास्त.

सायकाल चहा ओतायला उठली.

"तोटा आहे," वालेन्तिना म्हणाली. "तिजोरीतल्या नोटा डागी भावाने धरल्यात ना."

"म्हणजे माझा वाटाही डागी भावाने?" ताश्तान उसळला. "दादाचं डोकं फिरलं होतं! डॉलर तो डॉलर! सगळे एकात घाला आणि बँकेचा भाव लावा."

"काका, नक्की?" सायकालने विचारलं.

"लाव म्हणतो ना!"

वालेन्तिनाने नोंदी एकत्र केल्या. तोट्याच्या जागी नफा आला. काकाचा चेहरा खुलला आणि मग, स्वतःचीच अट आठवून, हळूहळू पडला.

"बरं, चालव," तो गुरगुरला. "पण माझा वाटा आत्ता. रोख."

सायकालने तिजोरीतून अर्धी गड्डी काढून हातात ठेवली. काका चौकात गेला आणि चहा निवायच्या आत परत आला.

"ती चलनवाली बाई नोटेचा वास घेते! म्हणते, कुठल्या बकरीच्या पोटातून काढली?"

"डॉलर तो डॉलर, काका."

"तोंड आवर, पोरी! दादा या खपवायचा कुठे?"

"चीनमधल्या, उरुमचीच्या कापडवाल्याकडे. मालाच्या बदल्यात घेतो तो. पण फक्त चालत्या दुकानाकडून."

काका खुर्चीकडे वळला. दबलेली उशी बघून थबकला, आणि कापडाच्या गठ्ठ्यावर टेकला.

"मग माल कधी मागवायचा म्हणतेस?"

"हा एक राहिलाय," वालेन्तिनाने पडद्यावर बोट ठेवलं. "सायकालचा डॉलर. हाही घालू त्यात?"

"वापरलेलं चलन यादीतून काढता येत नाही ना?" सायकालने विचारलं.

"येतं की. फक्त नोंदी..."

"येत नाही," सायकाल म्हणाली.

वालेन्तिनाने तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पुसला.

"नाही येत," ती म्हणाली, आणि यादी बंद केली.