बसरा ते कराची, किती इंच?

मित्रांनो, मी मापाची एक जुनी फीत आहे. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो जऊळक्याच्या वहाबमियाँ शिंप्याचा गळा. तिथे मी वीस वर्षं ऐटीत मिरवले. गावातल्या पाटलांच्या पोटाचा घेर मला तोंडपाठ होता, पण मी कधी कुणाला सांगितला नाही!

सन अडतीसची गोष्ट. वहाबमियाँच्या लेकीचा, लतीफाचा, निकाह शुक्रवारी ठरला होता. तिचा भाऊ शफीक चार वर्षं तिकडे इराकात, बसऱ्याच्या विमानतळावर फिटर होता. "भाई आला नाही तं मी कबूल म्हननार नाही," असं लतीफाने बजावून ठेवलेलं. नवरदेव कामरगावचा, आणि त्याची रजा शुक्रवारीच संपणार! रविवारी शफीकची तार आली: सोमवारी पहाटे टपालाच्या विमानातून निघतो, कराचीहून रेल्वेने येतो.

पोहोचेल का? सगळे नानाजी गुरुजींच्या शाळेत धावले. गुरुजींनी पृथ्वीचा गोल पुढे ठेवला आणि वहाबमियाँनी मला गळ्यातून ओढलं. अहो, आजवर छात्या मापल्या, आता समुद्र मापायचा! माझा आनंद गगनात मावेना.

"साडेतीन इंच," वहाबमियाँ म्हणाले.

गुरुजींनी पाटीवर हिशेब मांडला. "एक इंच म्हंजे साडेसहाशे मैल. विमान तासाले दीडशे मैल जाते. झाले पंधरा तास. अंधारात ते उडत नाही, म्हून वाटेत मुक्काम. मंगळवारी कराची, गाडी सांजेचीच, मंग रेल्वेचे साडेतीन दिवस. पोरगा शनिवारी येते, वहाबमियाँ."

लतीफाची आई सुलतानबी मटकन खाली बसली. वहाबमियाँनी डोळे पुसले. "कामरगावले निरोप धाडा. निकाह पुढं ढकला."

मी आतल्या आत तडफडत होते. माप चुकलं होतं, मित्रांनो! पण फितीचं ऐकतो कोण?

लतीफाने मात्र माझं टोक पकडलं. "अब्बा, कराचीच्या पुढं दोन बोटं कायले धरली?"

"सवय हाय, बेटा. दोन बोटं जास्तीच धरा लागते. कपडा धुतल्यावर आटते."

"मंग आभाय धुतल्यावर आटते काय?"

गुरुजी इतके हसले की त्यांची टोपी पडली. पुन्हा माप घेतलं. दोन इंच, जेमतेम! नऊ तास, वर तेल घ्यायला दोन. सोमवारी दिवे लागायच्या आत कराची, शुक्रवारी सकाळी जऊळका! निरोप घेऊन निघालेल्या माणसाला वेशीवरून परत बोलावलं.

शुक्रवारी अख्खं घर स्टेशनात. गाडी आली, डब्याच्या दारात शफीक! लतीफा ओरडतच धावली. वहाबमियाँना निकाहासाठी लेकाची शेरवानी बेतायची होती, म्हणून त्यांनी फलाटावरच मला त्याच्या छातीभोवती टाकलं. पण आकडा काही वाचता येईना. हात मापाचे सुटले आणि मिठीचे झाले. मी दोघांच्या मध्ये चुरगळले, आणि माझ्या आयुष्यात इतकी खूश मी कधीच नव्हते.

आज माझे आकडे पुसले आहेत. कुणी मला केराच्या टोपलीत टाकू पाहतो. मित्रांनो, मला गुंडाळून कोनाड्यात ठेवा, एवढंच मागणं. आणि तुमचं माणूस लांब असेल, तर त्याची वाट आधी नीट मापा; मगच त्याची आशा सोडा.