सगळ्यांचे आजोबा माळी

वेल्डर बाकावर बसला की पाय हलवायचा, उभा राहिला की बोटं मोडायचा. दाराआड तोंडी परीक्षा चालू होती. कंपनीला परदेशात काम मिळालं होतं, तिथे स्पॅनिश बोलतात. दोन वर्षांसाठी दोघेच जाणार, आणि बाकावर सहा जण.

प्रश्न सगळ्यांना आधीच माहीत होता: लहानपणी काय करायचात? शिकवणीच्या मास्तरांनी त्यावर सगळ्यांना त्याच तीन ओळी लिहून दिल्या होत्या. आम्ही तळ्याकाठी राहायचो. आजोबा बागेत काम करायचे. मी त्यांच्यासोबत काम करायचो. वेल्डरने तीन आठवडे तेच घोकलं होतं. त्राबाखाबा, मी काम करायचो. त्राबाखाबास, तू करायचास. त्राबाखाबामोस, आम्ही करायचो. ताई शेवटी वैतागली होती, "अरे बास कर! आता तुझ्याऐवजी मीच जाऊन पास होईन."

दार उघडलं. क्रेनवाला बाहेर आला, तोंड आंबट.

"काय रे? कसं गेलं?"

"कसलं कसं! बाई म्हणाल्या, या कंपनीत सगळ्यांचे आजोबा माळीच होते का? चौथं तळं ऐकतायत त्या सकाळपासून."

"अरे देवा."

"आता पाचवं तू घेऊन जा. मजा येईल."

वेल्डर उठला. पाठ केलेलं वाया गेलं. उरलं काय? एक क्रियापद. तेवढं मात्र पक्कं.

आत बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, प्रश्न विचारला आणि पेन खाली ठेवलं. आता तळंच येणार, हे गृहीत धरल्यासारखं.

"माझी आई काम करायची," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला. "घरी. बटणं." शर्टाचं बटण धरून दाखवलं, मग हवेतच सुई ओढली. एका पुठ्ठ्यावर बारा बटणं शिवायची, असे शंभर पुठ्ठे, मग कारखान्याचा माणूस न्यायला यायचा. हे सगळं हातांनी सांगितलं. "ताई काम करायची. आम्ही सगळे काम…"

तो थांबला. 'आम्ही' सोपं होतं, नुसतं म्हणून टाकायचं होतं. पण जीभ अडली.

"मी नाही," तो म्हणाला. "मी काम करायचो नाही. माझं काम ताई करायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

लपायला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, देव जाणे. त्याने खुर्ची मागे सारली आणि सरळ टेबलाखाली शिरला. "इथे," खालून आवाज आला. बाई खो खो हसल्या. हसता हसता पेन उचललं.

"आणि ताई काही बोलायची नाही?"

"नाही," तो टेबलाखालूनच म्हणाला. "ती काम करायची."

तासाभराने फळ्यावर कागद लागला. दोन नावं, दुसरं त्याचं. क्रेनवाल्याने पाठीत धपाटा घातला, "खाली शिरून जागा मारलीस की, लेका!" वेल्डर हसला, जिन्यात गेला आणि ताईला फोन लावला.

"आजोबांचं नीट सांगितलंस ना?"

"नाही. तुझं सांगितलं."

"माझं? माझं काय आहे सांगण्यासारखं?"

"मी खाटेखाली असायचो तेव्हा माझी बटणं कोण शिवायचं, ते."

पलीकडे मशीनची घरघर थांबली. ताई अजून शिवणावरच होती, कापडाच्या गोदामात.

"तुला माहीत होतं?"

"सगळे उठून गेल्यावरही मला खालून तुझे पाय दिसायचे, ताई."

"गाढवा," ती म्हणाली. "पास झालास का ते सांग आधी."

"झालो. पुढच्या महिन्यात निघायचंय. दोन वर्षं."

"मग जा की. आता काय, विचारतोयस मला?"

"हो," तो म्हणाला. "विचारतोय."

तिच्या उत्तराची वाट बघत, फोन कानाला लावून तो तीन पायऱ्या चढला, तीन उतरला, परत चढला.