काला अंबचा फोटो कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पोटातून निघालेल्या एका फोटोपायी एका मुलीला चारचौघांत मान खाली घालावी लागली. ते आठवलं की आजही भिंगावर झाकण ओढून गप्प बसावंसं वाटतं.

पद्माकरकाका पुण्याहून नोकरीसाठी गुरुग्रामला आले, तेव्हा त्यांनी मला हौसेनं घेतलं. काय माझे लाड! बारसं असो की सोसायटीतला गणपती, मी आपला त्यांच्या गळ्यात. पुढे त्यांनी भारी मोबाइल घेतला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला बाहेर काढलं त्यांच्या पुतणीनं, अश्लेषानं. ती दिल्लीला मुनिरक्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. काकांनी मला तिला देऊन टाकलं.

दर संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. अश्लेषा मला घेऊन गेली त्या दिवशी दाट धुकं होतं. एक आजी स्मारकाच्या पायरीवर तिळगूळ ठेवून स्वतःशीच काही पुटपुटत होत्या. अश्लेषा ओल्या गवतात गुडघे टेकून बसली. बोटं गारठली तरी हलली नाही. असा फोटो मी त्याआधी कधी दिला नव्हता. तिनं कोपऱ्यात आपलं नाव घालून तो घरच्या ग्रुपवर टाकला.

काकांना तो फार आवडला. पण आपल्या लोकांची एक खोड आहे, आवडलेल्या फोटोवर शुभेच्छा लिहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. शुभेच्छांची चौकट नीट बसावी म्हणून काकांनी कोपरा कापला, त्याबरोबर नावही गेलं. खाली लिहिलं, ‘साभार: व्हॉट्सअ‍ॅप’. जणू व्हॉट्सअ‍ॅपच गवतात गुडघे टेकून बसलं होतं.

काकांनी तो पुढे पाठवला आणि फोटो गावभर झाला. पुढे मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी अश्लेषानं तोच दिला. बैठकीत संपादक शुभदाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा फोटो तर सगळीकडे फिरतो आहे, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देऊ नये. अश्लेषाचे कान लाल झाले. काका तिथेच बसले होते, ते आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

अश्लेषानं मूळ फाइल पुढे केली. आयटीत काम करणाऱ्या यशोधननं ती लॅपटॉपवर उघडून आतली माहिती वाचली. मालकाच्या जागी नाव होतं पद्माकर. मला घेतलं त्या दिवशी काकांनी ते माझ्यात भरलं होतं आणि मी मुकाट्यानं प्रत्येक फोटोवर तेच उमटवत आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अच्छा, म्हणजे काका, फोटो तुमचा आहे,” यशोधन म्हणाला. कुणी टाळ्याही वाजवल्या.

काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ते उठून उभे राहिले.

“नाव माझं आहे, फोटो तिचा. कॅमेरा कुणाचाही असला तरी फोटो काढणाऱ्याचाच असतो. आणि तिचं नाव मीच कापलं.”

आवाज इतका खाली गेला होता की शुभदाताईंना ऐकूच आलं नाही. काकांना ते सगळं पुन्हा एकदा म्हणावं लागलं.

शुभदाताईंनी माफी मागितली आणि मुखपृष्ठावर अश्लेषाचं नाव छापलं. मेट्रोपर्यंत काका तिच्याबरोबर चालले, पण ती एवढंच म्हणाली, “काका, मला एकदा विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं नसतं.”

मित्रांनो, माझ्यात आता तिचं नाव भरलं आहे, पण मनाला लागलं ते लागलंच. आवडलेली गोष्ट कुणाची आहे ते आधी शोधा, त्याला विचारा, मगच पुढे पाठवा. नुसतं ‘साभार’ लिहून कुणी सुटत नाही. स्मरणिकेवर नाव आलं, तरी नाव कापलेला तो फोटो अजून फिरतोच आहे. परवा तो अश्लेषाला तिच्या शाळेतल्या बाईंनी पाठवला. सोबत लिहिलं होतं, “बघ, असे फोटो काढायला शीक.”