तंबू घरी राहिला

तुम्ही त्या दाराला कुलूप लावलंत आणि पाटी मात्र तशीच ठेवलीत. कुलूप लावायला तुमच्याकडे माणूस होता, तिथवर चढून जायला त्याच्या पायांत बळ होतं. एक पाटी उतरवायला मात्र तुमच्या अख्ख्या खात्यात कुणाला हात नव्हते. आणि वर तोंड करून सांगता, की म्हातारा अपुऱ्या सामानानिशी निघाला होता. ते सामान अपुरं कसं झालं, ते आधी ऐका. तुम्हाला ऐकायचा कंटाळा आहे हे ठाऊक आहे. तरी ऐका.

म्हातारा म्हणजे कंडक्टर. नोकरी सुटली तरी गल्लीत त्याला कंडक्टरच म्हणत, आणि तोही त्याच नावाला ओ देई. उभा जन्म त्याने एकाच मार्गाच्या बसमध्ये काढला, आणि तोही उभ्यानेच. म्हणायचा, माझ्याएवढा प्रवास या गावात कुणी केला नसेल, आणि चाललोय किती म्हणाल, तर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. जाताना उजव्या खिडक्यांतून आणि येताना डाव्या खिडक्यांतून त्याला डोंगराची एक लांबच लांब रांग दिसे. उपाशी गुराच्या कण्यासारखी, एकेक मणका वर आलेली. त्या कण्यावरून पायवाट जाते, महिनाभर चालावं लागतं, हे त्याला एका उतारूने सांगितलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात बसलं. नोकरी सुटली की एकदा वरून चालत जायचं आणि खाली आपली बस कुठून जाते ते बघायचं. खूळच म्हणा. पण माणसाला एक खूळ तरी नको का?

अडचण एकच होती, त्याची पाठ. रस्त्यातल्या खड्ड्यांनी कमरेचे दोन मणके खाऊन टाकले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, चाला खुशाल, चालणं चांगलंच आहे, पण पाठीवर ओझं नको. घेतलंच तर शाळेच्या दप्तराएवढं घ्या, आणि तेही हल्लीच्या पोरांच्या नव्हे, तुमच्या वेळच्या दप्तराएवढं.

म्हणून वजनाचा प्रश्न आला. हौशी लोकांना हलकं सामान घेऊन मिरवायचं असतं. कंडक्टरला ते घेतल्याशिवाय जाताच येणार नव्हतं.

त्याची मुलगी त्याला डोंगरात चालायच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. मुलीचं स्वतःचं जिन्याखाली दुकान आहे. बॅगा, छत्र्या, जॅकेटांच्या चेना दुरुस्त करून देते, म्हणून लोक तिला चेनवाली म्हणतात. दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढी जागा. आणि ते सामानाचं दुकान म्हणजे आरशासारखी फरशी. तिथल्या विक्रेत्याने एक पिशवी करंगळीला अडकवून दाखवली. मग एक चमचा दाखवला. विमानाच्या धातूचा, म्हणे हातात असल्याचं कळतही नाही. कंडक्टरने तो चमचा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, याने खाल्लेलं पोटालाही हलकं बसतं का? विक्रेता हसला. पोरगा वाईट नव्हता. त्यांच्या कपड्यांकडे बघून त्याने ओळखलं असावं, की हे बूट तेवढे घेतील. पण जाता जाता खरं ते सांगून टाकलं, की पिशवी, पांघरूण आणि तंबू या तीनच गोष्टी माणसाला वाकवतात. ब्रशाची दांडी कापून आणि टॉवेल फाडून काही होत नाही.

त्यांनी बूट घेतले, कारण बूट काही तिला शिवता येत नव्हते. बाकीचं तिने शिवायला घेतलं.

पिशवी तिने मोडक्या छत्र्यांच्या कापडाची केली. आत सळ्या नाहीत, बाहेर कप्पे नाहीत. बाईने जन्म चेनांवर काढला, पण बापाच्या पिशवीला एकही चेन लावली नाही, कारण चेन जड. तोंडाला नुसती दोरी. पांघरुणासाठी तिने लोकांनी टाकून दिलेली जॅकेटं उसवली आणि आतली पिसं काढली. आठवडाभर तिच्या नाकातोंडात पिसं. नवरा रंगारी, जिभेने मोकळा. तो कामावरून आला की दारातूनच विचारायचा, आज किती कोंबड्या सोलल्या? पांघरूण तिने फक्त वरून घ्यायचं केलं. माणूस ज्यावर झोपतो ती पिसं अंगाखाली चेपतात आणि ऊब देत नाहीत, मग ती वाहायची कशाला? हेही त्या विक्रेत्या पोरानेच सांगितलं होतं.

भंगारवाल्याकडून आकड्याला टांगून तोलायचा काटा आणला आणि घरात सगळ्याचं वजन सुरू झालं. कंगव्याचे अर्धे दात गेले. साबणाची चकती झाली. शेगडी आणि भांडं गेलं, कोरडं खाणं पाण्यात भिजवून खायचं ठरलं. जावयाच्या जिभेला तर ऊतच आला.

"बाबा, मिशी काढा. तेवढाच भार कमी."

"मिशी काढली तर नाकाचा तोल जाईल," कंडक्टर म्हणाला. "आणि पहिल्यांदा तुझ्या जिभेचं वजन करू. ती घरीच राहणारे, तेवढं बरंय."

त्या घरात इतकं हसणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. म्हणून ते इथे सांगितलं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

तंबू तिने सगळ्यात शेवटी शिवला. एकेरी कापड, दोन काठ्या, चार दोऱ्या. शिवण अशी, की वरून पाणी ओतलं तर खाली थेंब पडू नये. तिने ते ओतूनही पाहिलं. मग सगळं पिशवीत भरलं, ती बापाच्या पाठीवर चढवली आणि त्याला खोलीत फेऱ्या मारायला लावल्या. थोड्याच वेळात त्याचा डावा पाय मांडीपासून बधिर झाला. तो फेऱ्या मारतच राहिला. तिने त्याच्या टाचेवरून ओळखलं, तो ती घासत होता. तंबू काढला, पुन्हा फेऱ्या. पाय ठीक. तंबू घातला, पाय गेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आता पाठीला काय पेलतंय ते पाठच सांगत होती, तिथे काट्याचं काम नव्हतं.

आणि पायवाटेच्या तोंडाशी तुमची पाटी होती. कंडक्टर स्वतः जाऊन वाचून आला होता आणि घरी त्याने ती तोंडपाठ म्हणून दाखवली. प्रत्येक मुक्कामाला निवारा. बारा महिने उघडा. आत खाटा, गाद्या, ब्लँकेटं.

मुलगी म्हणाली, "पाटी जुनी असली तर?"

"वेळापत्रकात गाडी आहे म्हणजे गाडी आहे," तो म्हणाला. "उशिरा येईल. पण येईल."

ही त्याची चूक. आणि ती त्याच्यासारख्याच माणसाला करता येते, तुम्हाला नाही. अंगात ताप असताना त्याने शेवटची फेरी केली होती, कारण ती छापलेली होती. बसमध्ये एक उतारू नसतानाही केली होती. छापलेल्या ओळीमागे एक माणूस उभा असतो, अशी त्याची पक्की समजूत, कारण तो माणूस इतकी वर्षं तो स्वतः होता. तुमच्या ओळीमागे कुणीच उभं नाही, हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं?

तरी तिच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. तिने तुमच्या कार्यालयात फोन केला. एवढी खबरदारी घेतली तिने. फोनवरच्या आवाजाने विचारलं, पाटी वाचलीत ना? वाचली म्हणाली. मग फोन कशाला करता, म्हणून फोन ठेवला.

तेव्हा तिने आपल्या हाताने तंबू काढला, घडी घातली आणि फळीवर ठेवला. खाटा आहेत म्हणून अंगाखाली घालायला घेतलेली पातळ गादीही काढली. पाठीवर पिशवी घेऊन कंडक्टर सरळ उभा राहिला. आरशात बघून म्हणाला, तिकिटाची पेटी याहून जड होती.

पहिला मुक्काम पाटीवरच्यासारखाच निघाला. दुसराही. दुसऱ्या मुक्कामावरून त्याने मुलीला फोन केला. खाली आपली बस दिसली म्हणाला, मुंगीएवढी, आणि वेळेवर. दिवसभरात एकाही माणसाने आपल्याकडे सुटे मागितले नाहीत, हेही सांगितलं. इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही नसेल, असं ती नवऱ्याला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वारा आणि बोचरा, आडवा पाऊस. दुपार कलल्यावर त्याला लांबून निवाऱ्याचं छप्पर दिसलं. तो पोचला, आणि दाराला कुलूप. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, फोनला रेंज नाही. शेजारी खांबावर तुमचीच दुसरी पाटी, बारा महिने उघडा. चुकलेली बस थांबवायला लोक जसं दार बडवतात, तसं त्याने दार बडवलं. एवढंच त्याने पुढे सांगितलं. त्यानंतरचं तो कधी बोलला नाही, आणि आपणही बोलायला नको. पिसं भिजली की त्यांचा लगदा होतो, एवढं कळलं तरी पुरे. पाऊस उघडल्यावर मागून चालत आलेल्या दोन बायांना तो भिंतीच्या आडोशाला सापडला. त्यांनी आपल्या अंगावरचं काढून त्याच्यावर घातलं आणि मदत येईपर्यंत त्याच्याशी बोलत बसल्या. त्या तुमच्या खात्याच्या नव्हत्या.

जीव वाचला. पायांची बोटं गेली, उजव्या पायाची सगळी, डाव्याची तीन.

तो दवाखान्यात होता तेव्हाच तुमचं निवेदन आलं. वृद्ध प्रवासी अपुऱ्या साहित्यानिशी निघाला, तंबूही नव्हता, नागरिकांनी असं धाडस करू नये. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ते मोठ्याने वाचलं. त्याला माहीत नव्हतं की ज्याच्याबद्दल वाचतोय तो शेजारीच पडलाय. मुलगी उठून त्याच्या हातातला पेपर ओढणार होती. पण कंडक्टर मान डोलवत होता.

"बरोबर बोलतायत ते," तो म्हणाला. "तंबू न्यायला हवा होता."

"बाबा, दार उघडं असायला हवं होतं."

"ते त्यांचं. तंबू माझा."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे तिने ऐकलं होतं. संन्यासीच आपल्या हाताने दोर वळत बसलाय, हे ती पहिल्यांदाच बघत होती. भेटायला येईल त्याला तो एकच सांगे, की म्हातारपणी अक्कल गहाण टाकली. पहिले काही दिवस हसून सांगायचा. मग हसणं गेलं, सांगणं राहिलं. मग सांगणंही गेलं. ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड करायचा. जावयाने एकदा मिशीवरून काहीतरी काढून पाहिलं. कंडक्टरने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तो बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, जखमा भरतायत, पण माणूस खाली खाली चाललाय.

मुलीला कळून चुकलं, की तिच्या म्हणण्याने काही होणार नाही. ती मुलगी, ती बापाची बाजू घेणारच. तो मानतो फक्त वरून आलेल्या शब्दाला. आयुष्यभर तेवढंच मानत आला. चूक तुझी नव्हती, हे छापणाऱ्यानेच येऊन सांगायला हवं. नाहीतर हा माणूस भिंतीकडे तोंड करूनच जाईल.

म्हणून ती तुमच्या कार्यालयात आली.

तुम्हीच होता खुर्चीत. बशीत चहा सांडला होता आणि तुम्ही तो पुसत होता. तिने पिशवी आणि पांघरूण सोबत आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. तुम्ही दोन बोटांनी कापड उचलून पाहिलंत. निवाऱ्याचं छप्पर गळत होतं, लोकांच्या सुरक्षेसाठीच तो बंद केला, असं म्हणालात. पाटीचं विचारलं तर म्हणालात, पाट्यांचा विभाग वेगळा. फोनचं सांगितलं तर म्हणालात, कुणाशी बोललात, नाव सांगा. नाव तिला कुठलं माहीत असणार? मग तुम्ही पिशवीच्या तोंडाची दोरी ओढून पाहिलीत आणि शांतपणे विचारलंत:

"हे सगळं तुम्हीच शिवलंत ना?"

क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे फळीवरची घडी आली. तुम्हाला तेच हवं होतं. बापाने घेतली तशी मुलीनेही चूक आपल्या अंगावर घ्यावी, आणि तुमचा चहा गार व्हायच्या आत प्रकरण मिटावं. तिने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. तुम्हाला वाटलं, झालं. लेखी उत्तर पाठवू म्हणून तुम्ही बेल वाजवायला हात पुढे केलात.

ती खुर्ची ओढून बसली.

"मीच शिवलं," ती म्हणाली. "मीच तंबू काढला. आता तुम्ही सांगा. दार बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही पाटी वाचली, फोन करून विचारलं. याउपर माणसाने काय करायचं असतं? आणि लेखी नको. तो खाटेवर पडून भिंत बघतोय. जेवत नाही. तुम्ही म्हणालात तो मूर्ख आहे, ते त्याने ऐकलं, कारण तुम्ही म्हणालात. आता त्याच तोंडाने त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं, की तो मूर्ख नव्हता. दवाखाना इथून लांब नाही. येताय की नाही, तेवढं सांगा. हो किंवा नाही."