पाखराच्या पाहुण्यांचा सत्कार

बाप कसा असावा हे ठरवायचं आपल्या हातात नसतं. पण पुढच्या जन्मी देवानं विचारलंच, तर मी सांगणार आहे, बाबा रे, गरीब दे, तापट दे, काहीही दे, फक्त सत्काराची हौस असलेला देऊ नकोस.

मी वैजयंती. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागं साचलेल्या पाण्याला लागून. ऊस, केळी, पाण्यात सोडलेल्या मोटारी, मासेमारीच्या होड्या, एवढाच आमचा पसारा. मी टेंभुर्णीला एका मेडिकलमध्ये कामाला जाते आणि उरलेल्या वेळात पाखरं बघते. घरात याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आमचे वडील जोतीराम, म्हणजे आण्णा, सोसायटीचे चेअरमन. ते गेली कित्येक वर्षं मला एकच विचारतात, "पाखरं बघून प्वाट भरतं व्हय गं?" मीही उलट विचारते, "तुमचं भाषणं करून भरतं का?" मग आई दोघांना गप्प बसवते.

तर झालं असं, की श्रावणात समुद्रावर वादळ झालं. कोकणातली झाडं पडल्याचं टीव्हीवर दाखवत होते, आणि इकडं आमच्या फुगवट्यात, कडेला पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीवर, मला एक पाखरू दिसलं. काळंभोर अंग, छातीवर पांढरा पट्टा, लांब आकड्यासारखी चोच. मग ते उडालं. हे लांबच्या लांब, निमुळते पंख, आणि शेपूट कात्रीसारखं चिरलेलं. फ्रिगेट पक्षी! हा उघड्या समुद्रावरचा, उष्ण प्रदेशातला पक्षी. वाऱ्याबरोबर भरकटत आलेला. आमच्या धरणावर त्याची नोंद कुणीच केलेली नव्हती.

मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे काय असणार? ढगावर एक काळा ठिपका. तरी पक्षीनिरीक्षकांच्या वेबसाइटवर मी नोंद टाकली. नोंदी तपासणाऱ्यांनी ती फेटाळली. वर शेरा, 'ही घार असावी. नवोदितांची अशी गफलत होते.' ग्रुपवर हसणारे चेहरे आले. गावातही बातमी पोचली. दुकानाबाहेरची पोरं मला बघितलं की "घार घार" करायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! आयुष्यात एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला दिसली होती, माझ्या नावावर, आणि लोक मला घार आणि समुद्रपक्षी यातला फरक शिकवत होते.

मी नाद सोडला नाही. लिहीत राहिले, चित्र काढून पाठवलं, पंखांची ठेवण समजावली. शेवटी नोंदी तपासणारे इंद्रजीत सर स्वतः पुण्याहून यायला तयार झाले. सोबत दिपाली मॅडम, त्याही नोंदी तपासणाऱ्या कमिटीतल्या. सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "आमच्यापैकी एकानं डोळ्यांनी पाहिलं तर नोंद लागेल. नाहीतर नाही." पाखरू अजून बाभळीवर येत होतं, पण कधी निघून जाईल याचा नेम नव्हता.

चूक माझीच झाली म्हणा. जेवायला कोण किती हे आईला सांगताना आण्णा शेजारीच बसलेले.

"पुण्याचं सायेब? तुज्यासाटी? आपल्या गावात?" आण्णांचे डोळे लकाकले.

"आण्णा, हात जोडते. काही करू नका. ते थेट पाण्यावर जाणार. पाखरू लई भित्रं आहे. आवाज नको, गर्दी नको. नुसता चहा द्या, तोही परत आल्यावर."

"व्हय व्हय. मी काय खुळा हाय व्हय?"

सकाळी मी सर आणि मॅडमना हायवेवरून घेऊन आले. गावाच्या वेशीवर गाडी वळली आणि समोर कमान. कमानीवर भलामोठा फ्लेक्स. एका बाजूला माझा कॉलेजातला, दोन वेण्यांचा फोटो. दुसऱ्या बाजूला आण्णा, नमस्कार करताना. मधोमध गरुड. गरुड! वर लिहिलेलं, 'पक्षीरत्न वैजयंतीताई यांच्या पाखरास भेट देण्यास आलेल्या मान्यवरांचे हार्दिक स्वागत.' मला गाडीच्या सीटखाली शिरावंसं वाटलं. मॅडम तोंडावर रुमाल धरून खोकल्या. तो खोकला नव्हता.

"ताई, हे..." सरांनी सुरुवात केली.

"सर, याच्याकडं बघूच नका. आपण थेट पाण्यावर जाऊ," मी म्हणाले.

थेट पाण्यावर गेलो. तर मांडव तिथंच! अगदी काठाला, होड्या लागतात तिथं. खुर्च्या, टेबल, माईक, हलगीवाले, शाळेची पोरं रांगेत, आणि मधे आण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात.

मी गाडी थांबायच्या आत उतरले. "आण्णा! काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच म्हनलीस की, पाव्हणं थेट पान्यावर जानार. म्हनून मांडव हितं घातला. न्हायतर मारुतीच्या देवळापुढं घालनार हुतो." वर पुन्हा, "तुजं ऐकूनच केलंय सगळं!"

 कपाळ बडवून घ्यायचं फक्त.

मी बाभळीकडं बघितलं. देवाची कृपा, पाखरू होतं! हलगी अजून वाजायची होती. काळा गठ्ठा फांदीवर बसलेला, मान आत ओढून. मी होडीवाल्या अजिनाथला खूण केली आणि सरांचा हात धरला. "सर, चला. बसलंय. समोरच्या बाभळीवर."

सरांनी दुर्बिणीला हात घातला आणि आण्णांनी सरांच्या हाताला. "सायेब, पाव्हण्यानं तसंच पुढं जायाची आमच्याकडं पद्धत न्हाय. पाच मिन्टाचं काम हाय." सर सभ्य माणूस, काय करणार? मला म्हणाले, "पाच मिनिटंच ना, ताई." त्यांना आमची पाच मिनिटं माहीत नव्हती.

नमनाला घडाभर तेल म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आधी दीपप्रज्वलन. वाऱ्यानं दिवा राहीना, तर पोरांनी भोवती पोत्याचा आडोसा धरला. मग स्वागतगीत. मग उपसरपंच बोलले, ते धरणातून पाणी सोडायच्या आवर्तनावर. मग दूध संघाचे कुणी बोलले, ते दुधाच्या दरावर. पाखराचं कुणी नाव घेईना. मी बाभळीवरची नजर काढत नव्हते आणि खुर्चीमागून सरांना सांगत होते, "सर, उजवीकडची फांदी. सर, नुसतं एकदा बघा." सर खुर्चीतून वाकले, तर मधे हलगीवाला उभा. त्याला मी सरकवलं, तर फोटोवाला आला.

आणि मग फेटे. फेटा बांधणाऱ्यानं आधी सरांच्या गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली, कारण ती हारात अडकत होती. मग सरांची हनुवटी धरली. "हलू नगा सायेब, घडी मोडती."

"अहो, मला एक सेकंद तिकडं..."

"हलू नगा म्हनलं की!"

मॅडमच्या अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, त्यातून त्या पंख्यासारखी मान वळवून पाण्याकडं बघायचा प्रयत्न करत होत्या. मी शेवटी ओरडलेच, "आण्णा, पुरे करा! पाखरू जाईल!"

"झालंच गं," आण्णा म्हणाले, आणि सरांच्या खांद्यावर शाल टाकत त्यांनी मांडवामागं हात वर केला.

फटाक्यांची माळ. ही भली लांब. त्यात मधे मधे सुतळी बॉम्ब.

पहिला बॉम्ब वाजला तसं पाण्यावरचं सगळंच उठलं. बगळे, बदकं, बाकदार चोचीच्या शराट्या. आणि ते उठलं. बाभळीवरून सुटलं, वाऱ्यावर तिरकं झालं, आणि सरळ मांडवाच्या दिशेनं आलं. इतकं खाली मी त्याला कधीच बघितलं नव्हतं. पंख एवढे लांब की बघताना मान फिरवावी लागत होती. सगळा गाव वर बघत होता. "सर! वर! डोक्यावर!" माझा आवाज चिरकला.

सरांनी झटक्यात मान वर केली. अर्धा बांधलेला फेटा घसरून थेट डोळ्यांवर आला. मॅडम नारळ टाकून वळल्या, तर धुराचा लोट तोंडावर. धूर निवळला तेव्हा वर आभाळ होतं, बाकी काही नाही. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला होता, तो शाल घालणाऱ्या आण्णांचा.

मी सगळ्यांसमोर आण्णांवर ओरडले. "तुमी उडवलंत! माझ्या आयुष्यात एकदा काहीतरी झालं होतं, तेबी तुमी उडवलंत!" मला रडू आवरेना आणि रडताना राग आणखीनच वाढत होता.  आण्णांच्या हातात माईक तसाच.

अजिनाथच्या होडीतून आम्ही सगळा फुगवटा पालथा घातला. पलीकडचा काठ, बेटं, केळीच्या बागांमागचं पाणी. सर मनापासून बघत होते, हे मला कबूल करायला हवं. पण पाखरू नव्हतं. ते गेलं होतं.

परत आलो तर गाव तसाच बसलेला. कुणी उठलं नव्हतं. सर माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "ताई, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण मी पाहिलं नाही. नोंद मला लावता येणार नाही."

मी मान हलवली. नियम मलाही माहीत होता.

हे आण्णांनी ऐकलं. ते टेबलापाशी गेले, माईक तोंडापुढं धरला. मला वाटलं, आता आभार प्रदर्शन. मी म्हणाले, "आण्णा, बास करा हो आता."

"सायेब," आण्णा म्हणाले, "लिवा तुमच्या त्या यादीत. पाखरू हुतं. माजी पोरगी खरं बोलत हुती. मी उडिवलं. जोतीराम चेअरमननं, स्वताच्या हातानं. त्ये पाखरू नसतं तर मी उडिवलं काय? असं लिवा आन् खाली माजं नाव टाका."

सर फेटा हातात घेऊन उभे होते. "आण्णा, असं लिहायची सोय नाही हो."

"मग मी गावाला तरी सांगतो," आण्णा म्हणाले, आणि लोकांकडं वळले. "ऐका रे. घार न्हवती ती. पोरीला कुनी घार म्हनलं तर गाठ माज्याशी हाय. आन् आज जे झालं ती माजी चूक."

 माझा राग काही गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण आण्णांच्या तोंडून 'माजी चूक' हे शब्द मी जन्मात पहिल्यांदाच ऐकले, तेही सगळ्या गावासमोर, माईकवर.