वास नाही, पास

कारखान्यात स्टोअरवालीच्या नवऱ्याला सगळे 'नाक' म्हणत, आणि तोही ओ द्यायचा. लोखंडी टाक्यांना आतून रंग मारायचं काम. आत वारा नाही, नुसती कोंडलेली वाफ. म्हणून तोंडाला मास्क आणि मास्कला दोन डब्या. वाफ डब्यांनी शोषायची, पण त्या भरल्या की वाफ थेट माणसाच्या छातीत. डब्या भरल्या की नाही, हे सांगायला नाक. रोज सकाळी तो एकेक मास्क चढवायचा, थिनरच्या उघड्या पिंपावर वाकायचा आणि म्हणायचा, "वास नाही, पास." मग स्टोअरवाली वहीत खूण करून मास्क खिडकीतून रंगाऱ्यांना द्यायची. तो बावीस वर्षं पिंपावर, ती नऊ वर्षं रंगाच्या डब्यांत. बावीस वर्षं थिनर हुंगून नाक शाबूत राहतं का, हा प्रश्न तिथल्या एकाही शहाण्याला पडला नाही.

पडला तो दुधामुळे. रविवारी जिन्यापलीकडची शेजारीण दार ठोठावत आली. "अगं, घरात माणसं आहेत ना? दूध करपून कोळसा झालं, माझ्या घरापर्यंत वास येतोय."

नवरा गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत होता. ती शेजारच्या खोलीत घड्या घालत होती, ती धावत आली आणि त्याच्यावरच उखडली. "अहो, नाक आहे की भिंतीची खुंटी?"

तो हसला नाही. शेजारीण गेल्यावर म्हणाला, "दोन वर्षं झाली. काहीच येत नाही."

तिचा धाकटा दीर त्याच टाक्यांत उतरायचा, याच नाकाच्या भरवशावर.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. "साहेब, डब्या तारखेनं बदलूया ना."

"बाई, नापास झालेल्याच बदलून मिळतात. दोन वर्षांत एक तरी नापास झाली का? उगाच नाक म्हणतात होय त्याला?"

खरं सांगावं तर नवरा घरी बसणार, न सांगावं तर दीर टाकीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिनं जिभेवर आलेलं गिळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या सगळे नापास करा."

मंगळवारी त्यानं केलेही. साहेब येऊन पिंपापाशी उभे राहिले. "एका दिवसात सगळे? पुन्हा तपास." त्यानं पुन्हा तपासले, आणि सगळे पास झाले. गडी कधी खोटं बोललेला नव्हता, म्हणजे निदान जाणूनबुजून तरी नाही. त्याला ते पेललंच नाही. तिला राग आला, कीवही आली.

मग तिनं ठरवलं, सगळ्यांचं नाही जमत तर नाही, निदान दिराचा मास्क आपण तपासायचा. बुधवारी लवकर येऊन तिनं तो चढवला, पिंपावर वाकली आणि लांब श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. जिवात जीव आला. दिराच्या हातात मास्क देत म्हणाली, "हा मी स्वतः बघितलाय. निवांत जा."

दुपारी त्याला दोरानं वर ओढून काढावं लागलं.

इस्पितळात त्याच्या नाकात नळी होती, ओठ निळसर. त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. "वहिनी, वास सकाळपासून येत होता," तो अडखळत म्हणाला. "दादानं पास केला असता तर मी वर आलो असतो. त्याच्या नाकाचं आम्हा सगळ्यांना केव्हाच कळलंय. पण तू बघितला होतास ना. म्हटलं, मलाच भास होतोय."

नर्सनं त्याच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला, सुई टोचली आणि बोळा ट्रेमध्ये टाकून गेली. स्टोअरवालीनं तो उचलला आणि नाकाशी धरला. ओला होता, गार होता.

"काय करतेस?" कॉटच्या पलीकडून नवऱ्यानं विचारलं.

तिनं बोळा ट्रेमध्ये परत ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "रविवारी दूध करपलं, तेव्हा मीही घरातच होते."